आंतरराष्ट्रीय ऊर्जा धोरण आणि सुरक्षा या क्षेत्रात यायचंय? कुठून सुरुवात करायची, काय टाळायचं

मी स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करून या क्षेत्रात आले. तेव्हा मराठीत सोडा, इंग्रजीतही कुणी नीट सांगणारं भेटलं नाही, त्यामुळे आता कुणी विचारलं की "ताई, पॅरिसला त्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा एजन्सीत कसं जायचं" तर मी आधी त्यांना थांबवते आणि सांगते की पॅरिस खूप नंतर येतं, त्याआधी घरच्या टेबलावर बसून करायचं बरंच काम आहे. ते काम कुठल्या क्रमानं करायचं ते इथे लिहितेय. इंजिनिअर, अर्थशास्त्रवाले, राज्यशास्त्रवाले, वकील, कुणालाही हे चालेल.

१. हे काम नेमकं काय असतं ते आधी समजून घ्या

बऱ्याच जणांना वाटतं की हे परराष्ट्र खात्यासारखं काहीतरी आहे, सूट घालून परिषदांना जायचं. प्रत्यक्षात नव्वद टक्के काम वाचन, आकडेमोड आणि दोन पानी टिपणं लिहिणं. प्रश्न साधा असतो, की देशाला लागणारी ऊर्जा पुरेशी मिळेल का, परवडेल का, आणि कुणी नाक दाबलं तर पुढे काय. यातला "परवडेल का" हा भाग लोक विसरतात. तेल मिळतंय पण भाव असा की सरकारचं बजेट कोलमडतंय, हीसुद्धा सुरक्षेचीच अडचण आहे.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे तारापूर. तिथले पहिले दोन रिअॅक्टर १९६९ साली सुरू झाले, इंधन अमेरिकेनं पुरवायचं हा करार १९६३ चा. मग १९७४ ला पोखरणची चाचणी झाली, १९७८ ला अमेरिकेनं स्वतःचा कायदा बदलला आणि इंधन अडलं, शेवटी १९८२ मध्ये फ्रान्स पुरवठ्याला तयार झाला. पालघर जिल्ह्यातलं वीज केंद्र, आणि ते चालणार की नाही हे वॉशिंग्टनमधल्या एका कायद्यावर अडकलेलं. हे एक प्रकरण नीट उलगडून वाचलंत तरी या क्षेत्रात काय चालतं ते कळेल, करार कसा असतो, देशांतर्गत कायदा कराराच्या आड कसा येतो, पर्यायी पुरवठादार शोधायला किती वर्षं जातात, सगळं त्यात आहे.

२. एक इंधन आणि एक प्रदेश निवडा

"मला एनर्जीमध्ये इंटरेस्ट आहे" असं सांगणाऱ्याला कुणी घेत नाही. "मी कतार आणि अमेरिकेतून भारतात येणाऱ्या एलएनजीचे (थंड करून द्रवरूप केलेल्या, जहाजानं येणाऱ्या नैसर्गिक वायूचे) करार बघतो" असं सांगणाऱ्याशी लोक पंधरा मिनिटं बोलतात.

ढोबळमानाने हे पर्याय:

- कच्चं तेल आणि समुद्री मार्ग (होर्मुझ, बाब अल मंदेब, मलाक्का या अरुंद सामुद्रधुनी)
- नैसर्गिक वायू आणि एलएनजी
- अणुऊर्जा, इंधनपुरवठा आणि त्यावरची देखरेख
- सीमेपलीकडचा वीजव्यापार, म्हणजे आपल्याकडे भूतान, नेपाळ, बांगलादेश
- लिथियम, कोबाल्ट वगैरे खनिजं
- हवामान वाटाघाटी आणि कार्बन बाजार

माझं मत विचाराल तर आत्ता नवीन माणसासाठी वायू आणि खनिजं या दोन जागा चांगल्या आहेत, तेलात आधीच फार अनुभवी लोक बसलेत. वायूत वाचायला भरपूर आहे. एलएनजी आयात करणाऱ्या पेट्रोनेट या भारतीय कंपनीनं कतारशी १९९९ ला वर्षाला ७५ लाख टनांचा दीर्घ मुदतीचा करार केला, भाव पडल्यावर २०१५ च्या शेवटी त्याच करारातलं किमतीचं सूत्र बदलून घेतलं, आणि फेब्रुवारी २०२४ ला तो २०२८ नंतर आणखी वीस वर्षांसाठी वाढवला. "टेक ऑर पे" म्हणजे माल उचला नाहीतर पैसे भरा हे कलम काय असतं, ते अडचणीत आलेला ग्राहक कसं सोडवून घेतो, हे या एकाच प्रकरणातून शिकता येतं. खनिजांत खनिज बिदेश इंडिया ही सरकारी कंपनी २०१९ ला उभी राहिली आणि जानेवारी २०२४ ला तिनं अर्जेंटिनात कातामार्का प्रांतातल्या लिथियमसाठी करार केला. एवढ्या नव्या विषयात दोन वर्षं मन लावून वाचणारा माणूस पटकन पुढे जातो.

निवड कायमची नसते, नंतर बदलता येते. पण निवड न करता सगळं थोडं थोडं वाचत बसलात तर मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नालाच अडकाल.

३. एककं आणि भागाकार, हे आधी पक्कं करा

या पायरीवर मी मुद्दाम जास्त वेळ घेणार आहे कारण नव्या लोकांचं इथेच सगळ्यात जास्त अडतं.

हे आकडे तोंडपाठ हवेत. एक बॅरल म्हणजे साधारण १५९ लिटर. एक टन कच्चं तेल म्हणजे साधारण ७.३३ बॅरल, तेल हलकं-जड असेल तसा थोडा फरक. एक टन तेलाइतकी ऊर्जा म्हणजे ११,६३० युनिट वीज. रोजचे दहा लाख बॅरल म्हणजे वर्षाला साधारण पाच कोटी टन. आपले सरकारी रिपोर्ट टनात बोलतात, जग बॅरलमध्ये बोलतं, वायूवाले घनमीटर आणि एमएमबीटीयू या उष्णतेच्या एककामध्ये, आणि वर्ष कधी एप्रिल ते मार्च असतं कधी जानेवारी ते डिसेंबर. तुलना करण्याआधी हे सगळं एका रांगेत आणावंच लागतं.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घ्या, कागद-पेन घेऊन माझ्यासोबत करा. भारताचे भूमिगत तेलसाठे तीन ठिकाणी आहेत, विशाखापट्टणम १३.३ लाख टन, मंगळुरू १५ लाख टन, पादूर २५ लाख टन. बेरीज ५३.३ लाख टन. गुणिले ७.३३, आले साधारण ३.९ कोटी बॅरल. देशाचा रोजचा वापर ५० लाख बॅरलच्या आसपास धरा, मग हा साठा आठ दिवसांपेक्षा थोडा कमीच पुरतो. पण संसदेतल्या सरकारी उत्तरात तुम्हाला साडेनऊ दिवस दिसेल. कुणी खोटं बोलतंय का? नाही. तो हिशोब २०१९-२० च्या वापरावर धरलेला आहे आणि वापर त्यानंतर वाढला. पुढे त्याच उत्तरात तेल कंपन्यांच्या टाक्यांमधली ६४.५ दिवसांची क्षमता मिळवून ७४ दिवस असा आकडा येतो. आणि लगेच कुणीतरी लिहितं की आंतरराष्ट्रीय ऊर्जा एजन्सीच्या सदस्यांना ९० दिवसांचा साठा लागतो, म्हणजे आपण फक्त १६ दिवस मागे. ही तुलना चुकीची आहे! ते ९० दिवस निव्वळ आयातीवर मोजतात, एकूण वापरावर नाही. शिवाय आपला आकडा क्षमतेचा आहे, त्या गुहांमध्ये आज तेल किती आहे ही वेगळी गोष्ट. एप्रिल-मे २०२० मध्ये भाव कोसळलेले असताना सरकारनं हे साठे भरून घेतले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिका, जपान वगैरेंसोबत त्यातून ५० लाख बॅरल काढायचं जाहीर केलं, म्हणजे पातळी वरखाली होतच असते.

असा कुठलाही आकडा समोर आला की तीन गोष्टी विचारायच्या, भागाकारात खाली काय घेतलंय, कुठल्या वर्षाचं घेतलंय, आणि हा क्षमतेचा आकडा आहे की प्रत्यक्षातला. ही सवय लागली की वरिष्ठ लोक तुमच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतात, हे मी खात्रीनं सांगते.

साधनं म्हणाल तर एक्सेल चांगलं यायला हवं, थोडं पायथन आलं तर उत्तम. डेटासाठी पैसे लागत नाहीत, पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसी या आकडेवारी ठेवणाऱ्या कक्षाचे मासिक रिपोर्ट, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे रिपोर्ट, अमेरिकेच्या ईआयए या सरकारी ऊर्जा आकडेवारी संस्थेचा डेटा, आणि रियाधच्या इंटरनॅशनल एनर्जी फोरमचा जोडी (JODI) नावाचा तेल-वायूच्या आकड्यांचा डेटाबेस, सगळं फुकट. वायूसाठी ऑक्सफर्ड इन्स्टिट्यूट फॉर एनर्जी स्टडीजचे पेपर वाचा, तेही फुकट आहेत आणि फार चांगले लिहिलेले असतात.

४. वीज आयोगाचा एक आदेश पूर्ण वाचा

हे सांगितलं की पोरं नाराज होतात, त्यांना आंतरराष्ट्रीय काहीतरी हवं असतं. पण ऐका. मुंबईत कफ परेडला महाराष्ट्र वीज नियामक आयोग आहे, तिथे वीज कंपन्या दर वाढवून मागतात, ती याचिका जाहीर होते, आणि २००३ च्या वीज कायद्यानुसार कुणीही नागरिक त्यावर सूचना-हरकती देऊ शकतो, सुनावणीत बोलू शकतो. म्हणजे तुम्ही विद्यार्थी असताना, एक रुपया न भरता, खऱ्या धोरणप्रक्रियेत भाग घेऊ शकता. आणि यात आंतरराष्ट्रीय भाग भरपूर असतो.

मुंद्र्याचं प्रकरण घ्या. गुजरातमधले ते वीजप्रकल्प इंडोनेशियाच्या स्वस्त कोळशाच्या भरवशावर उभे राहिले, त्यातल्या टाटांच्या प्रकल्पातून महाराष्ट्रही वीज घेणार होता. २०१० मध्ये इंडोनेशियानं नियम काढला की कोळशाची निर्यात बाजारभावाशी जोडलेल्या किमतीनंच होईल, झालं, सगळा हिशोब फिसकटला आणि कंपन्या वाढीव दर मागायला आयोगाकडे गेल्या. वाद सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला आणि एप्रिल २०१७ ला कोर्टानं सांगितलं की परदेशातल्या कायद्यामुळे कोळसा महागला म्हणून वीजखरेदी कराराखाली भरपाई मागता येणार नाही. जकार्ताचा एक नियम आणि आपल्या घरचं लाईटबिल यांच्यामध्ये किती पायऱ्या आहेत, हे समजावून सांगता येणं म्हणजेच या क्षेत्रातलं काम.

पुण्यात प्रयास ऊर्जा गट कित्येक वर्षं हेच काम करतोय, त्यांचे रिपोर्ट सोप्या भाषेत असतात, आधी ते वाचा आणि मग आयोगाचा एक आदेश घ्या. पहिल्यांदा कंटाळा येईल, पानं शेकड्यात असतात, तरी एक तरी पूर्ण वाचाच. वाचून झाला की दोन पानी टिपण लिहा, पहिल्या परिच्छेदात निष्कर्ष, मग कारणं, शेवटी तुमची शिफारस आणि तिची किंमत कोण मोजणार. अशी तीन-चार टिपणं तयार असतील तर नोकरीच्या अर्जाला जोडायला काहीतरी असतं, सर्टिफिकेटपेक्षा त्याला शंभरपट वजन आहे.

५. शिक्षण

एकच अशी ठरलेली डिग्री नाही. अर्थशास्त्र, इंजिनिअरिंग, कायदा, आंतरराष्ट्रीय संबंध यातलं काहीही चालतं, पण दुसऱ्या बाजूचं थोडं शिकावं लागतं, म्हणजे इंजिनिअरनं अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्रवाल्यानं आकडे. इथल्या इथे आयआयटी मुंबईचं धोरण अभ्यास केंद्र, गोरेगावचं इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थान, पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, दिल्लीला जेएनयू आणि टेरीचं विद्यापीठ हे चांगले पर्याय आहेत. बाहेर कोलंबिया, जॉन्स हॉपकिन्स, पॅरिसची सियांस पो, ऊर्जा कायद्यासाठी स्कॉटलंडमधलं डंडी.

परदेशी मास्टर्ससाठी कर्ज काढण्याआधी दोन वर्षं इथे नोकरी करा असं माझं ठाम मत आहे. एक तर काय शिकायचंय ते कळतं, दुसरं म्हणजे चिव्हनिंगसारख्या ब्रिटिश सरकारच्या स्कॉलरशिपला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतोच. चिव्हनिंग घेतली की शिक्षणानंतर दोन वर्षं भारतात परत यावं लागतं, हे लक्षात ठेवून पुढचा विचार करा. युरोपसाठी इरास्मस मुंडुस ही युरोपीय संघाची शिष्यवृत्ती बघा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि जे. एन. टाटा एंडाउमेंट हे १८९२ पासून चालू असलेलं, ते कर्ज स्वरूपात पैसे देतात. अणुऊर्जेकडे जायचं असेल तर मुलींसाठी आयएईएची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा एजन्सीची, मारी स्क्लोदोव्स्का-क्यूरी फेलोशिप आहे, त्यात फक्त फिजिक्सवाल्या नाही तर अणुसुरक्षा आणि अणुकायदा शिकणाऱ्याही बसतात, आपल्याकडून अर्ज करणाऱ्या मुली वाढायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

भाषा एक तरी शिका. पॅरिस, ब्रुसेल्स डोक्यात असेल तर फ्रेंच, मध्य आशियाचा विषय असेल तर रशियन, आखाताचा असेल तर अरबी. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच, रशियन दोन्ही शिकता येतं आणि फी आवाक्यातली असते.

६. नोकऱ्या कुठे असतात

मोठ्या संस्थांचे पत्ते आधी ओळखीचे करून घ्या. आंतरराष्ट्रीय ऊर्जा एजन्सी पॅरिसला, १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७४ ला स्थापन झाली. ओपेक, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना, आणि अणुऊर्जा एजन्सी दोन्ही व्हिएन्नाला. अक्षय ऊर्जेची इरेना अबू धाबीला. आणि इंटरनॅशनल सोलर अलायन्स तर आपल्याच गुरुग्रामला आहे, तिच्याकडे लोक दुर्लक्ष करतात.

इथला मोठा सापळा नागरिकत्वाचा. जाहिरातीत पगार बघू नका, आधी कुठल्या देशांचे नागरिक पात्र आहेत ती ओळ बघा. पॅरिसच्या एजन्सीचं पूर्ण सदस्यत्व ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटापुरतं आहे, भारत २०१७ पासून सहयोगी आहे आणि पूर्ण सदस्यत्वाची मागणी आपण २०२३ मध्ये केली. त्यामुळे कुठल्या पदाला भारतीय चालतात हे प्रत्येक जाहिरातीत तपासा. संयुक्त राष्ट्रांच्या यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅमला वय ३२ पर्यंत लागतं आणि पात्र देशांची यादी दरवर्षी बदलते. जेपीओ (ज्युनिअर प्रोफेशनल ऑफिसर) नावाच्या जागा बहुतेक वेळा पैसे देणाऱ्या देशाच्या नागरिकांसाठीच असतात. ती ओळ न वाचता रात्र-रात्र जागून अर्ज भरणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत, जीव तुटतो.

दिल्ली-बंगळुरूच्या धोरण-संशोधन संस्था, टेरी, सीईईडब्ल्यू, सीस्टेप, ओआरएफ, इथे सुरुवात होते बहुतेकांची. संरक्षणाच्या अंगानं जायचं असेल तर मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्था. सरकारी कंपन्यांमध्ये ओएनजीसी विदेश आहे, रशियातल्या सखालिन-१ प्रकल्पात तिचा २० टक्के हिस्सा २००१ पासूनचा, २०२२ नंतर निर्बंधांमुळे तिथे काय काय झालं ते वाचा, अभ्यासाला अख्खं प्रकरण मिळेल.

आणि एक दार बहुतेकांना माहीतच नसतं. तेल-वायूचे भाव नोंदवणाऱ्या आणि जहाजं ट्रॅक करणाऱ्या कंपन्या, आर्गस, एस अँड पी, केप्लर, वुड मॅकेन्झी. इथे रोज सकाळी कुठलं जहाज कुठून निघालं, कुणी किती माल घेतला हे बघावं लागतं. दोन वर्षं असं काम केलेला माणूस नंतर धोरणाच्या नोकरीत गेला तर त्याच्या बोलण्याला वेगळाच पाया असतो. २०२२ पूर्वी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा जेमतेम होता, वर्षभरात तो एक तृतीयांशाच्या वर गेला, हे सगळ्यात आधी या जहाजवाल्यांनाच दिसलं.

७. कागदपत्रं

आधीच जमवून स्कॅन करून ठेवा, शेवटच्या आठवड्यात पळापळ होते:

- पासपोर्ट, किमान दोन वर्षं वैधता शिल्लक असलेला
- सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्र
- विद्यापीठाची सीलबंद ट्रान्सक्रिप्ट, याला आठवडे लागतात, कॉलेज सुटल्यावर लगेच दोन-तीन प्रती काढून ठेवा
- आयईएलटीएस किंवा टोफेल, दोन्ही दोनच वर्षं चालतात म्हणून फार आधी देऊ नका
- अनुभवाची पत्रं, त्यात तारखा आणि कामाचं स्वरूप स्पष्ट हवं
- तीन शिफारसपत्रं, त्यातलं एक तरी तुमचं लिखाण तपासलेल्या माणसाचं
- तुमची टिपणं, पीडीएफमध्ये

नावाची भानगड महाराष्ट्रातल्या लोकांना हमखास नडते. मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं, कधी आईचंही, पासपोर्टवर वेगळी मांडणी, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर तिसरंच. परदेशी संस्थेच्या फॉर्ममध्ये नेहमी पासपोर्टप्रमाणेच भरा आणि फरक असेल तर तसं प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नोंद सोबत ठेवा. पदवीवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) लागलं तर आधी राज्याकडून पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालय, हा क्रम उलटा होत नाही. एजंट कमी दिवसांत करून देतो म्हणतात, मूळ प्रमाणपत्र देण्याआधी पावती घ्याच.

८. अर्ज, लेखी चाचणी आणि मुलाखत

सीव्ही दोन पानांच्या वर नको. "संशोधन केलं" असं लिहू नका, कशावर, कुठला डेटा, काय निघालं ते लिहा. संयुक्त राष्ट्रांचे फॉर्म लांबलचक असतात, जाहिरातीतले शब्द तुमच्या अनुभवाच्या वर्णनात खरोखर लागू असतील तिथे वापरा.

लेखी चाचणी जवळपास सगळीकडे असते. ठराविक वेळ, एक तक्ता, आणि प्रश्न असा की होर्मुझ महिनाभर बंद राहिलं तर अमुक देशानं काय करावं. इथे इतिहास सांगत बसायचं नाही. सर्वसाधारण काळात जगाच्या रोजच्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा तिथून जातो हे एका वाक्यात, मग त्या देशाचा किती माल तिथून येतो, साठा किती दिवसांचा, दुसरीकडून किती मिळेल, वायूचं काय, कारण कतारचा एलएनजी पण त्याच वाटेनं येतो आणि वायूचे साठे तेलाइतके सहज करता येत नाहीत. मग शिफारस. पॅरिसच्या ऊर्जा एजन्सीनं सदस्यांचे साठे १९९१, २००५, २०११ आणि २०२२ मध्ये एकत्रितपणे सोडले, त्यातलं एखादं उदाहरण दाखल्याला असू द्या.

मुलाखतीत उच्चाराची काळजी करू नका. हळू आणि स्पष्ट बोला. एखादा आकडा आठवत नसेल तर कसा काढाल ते सांगा, ते त्यांना जास्त आवडतं.

९. पैसे मागणारे आणि पैसे न देणारे

संयुक्त राष्ट्रं किंवा तिच्या संस्था अर्जासाठी, ट्रेनिंगसाठी, व्हिसासाठी कधीच पैसे मागत नाहीत. मागितले की समजा फसवणूक. "डिप्लोमसी फेलोशिप" नावाखाली परदेशात चार दिवसांची परिषद आणि त्याची भरमसाठ फी, यातून सर्टिफिकेट आणि फोटो मिळतात, बाकी काही नाही.

संयुक्त राष्ट्र सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते आणि राहण्याचा खर्च आपला. काही संस्था भत्ता देतात, ओईसीडी देतं, आयएईए देतं, त्यामुळे अर्ज करताना आधी भत्ता देणाऱ्यांकडे करा. घरची परिस्थिती बेताची असेल तर बिनपगारी इंटर्नशिपसाठी कर्ज अजिबात काढू नका, तेच सहा महिने दिल्लीत किंवा पुण्यात पगारी संशोधन सहाय्यक म्हणून काम केलंत तर सीव्हीवर त्याची किंमत कमी होत नाही.

वेळापत्रक म्हणाल तर परदेशी मास्टर्स आणि स्कॉलरशिपचे अर्ज बहुतेक ऑगस्ट ते जानेवारीत असतात, म्हणून ट्रान्सक्रिप्ट आणि भाषेची परीक्षा जुलैपर्यंत आवरा आणि शिफारसपत्रासाठी सरांना-मॅडमना गणपतीच्या आधीच गाठा, दिवाळीच्या सुट्टीत कुणी फोन उचलत नाही.